सनईची हजेरी

जत्रेतल्या मारामारीपायी तुरुंगात गेलेला गुणाजी गुरव मुदतीआधीच सुटला, पण दर सोमवारी कोतवालापुढे चौकीत हजेरी द्यायच्या शर्तीवर. एका सोमवारी तो चौकीत दिसला नाही. कोतवालाने तक्रार केली आणि न्यायाधीशाने सुटका रद्द केली. गुणाजीने थेट राजेसाहेबांकडे दाद मागितली.

"सरकार, त्या दिवशी कोतवालसाहेब तरी चौकीत होते का?"

कोतवाल उसळला. "माझ्या मुलीचं लग्न होतं! आणि चौकी म्हणजे काय चार भिंती? मी उभा असेन तिथे चौकी!"

"मग सरकार, मी दिवसभर चौकीतच होतो," असं म्हणत गुणाजीने कमरेची सनई काढली आणि मांडवातली धून वाजवली. लग्नाला गेलेल्या राजेसाहेबांनी ती लगेच ओळखली.

गुणाजी कोतवालाकडे वळला. "साहेब, मांडवात मान डोलावून डोलावून तुम्ही 'अजून एकदा' म्हणालात. वाजवणाऱ्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं."

राजेसाहेब खो खो हसले. "सुटका कायम! गुणाजी, पुढची हजेरी आमच्या वाड्यावर दे, धाकटीचं लग्न आहे. कोतवाल, तुम्हीही या. आणि या वेळी मान वर करून बसा."