थळकर बाईंची ताहिनी

“आणि नाहीच खाल्लं तिनं, तर?”

“आधी तीळ हलव, स्वरूपा. खालचे लागतायत.”

मी तीळ हलवले. थळकर बाई स्टुलावर बसल्या होत्या, पदर खोचून. शाळेत विज्ञान शिकवायच्या तेव्हाही अशाच बसायच्या. प्रयोग आम्ही करायचा, त्या नुसत्या बघायच्या.

दोनच दिवसांत त्या कायमच्या मुलाकडे निघणार होत्या, इस्रायलला. निम्मं स्वयंपाकघर खोक्यांत गेलं होतं.

माझी जुई तीन वर्षांची. मी बँकेत गेले की ती दिवसभर बाईंकडे असायची. तिथे भाकरी, रताळं, दुधीसुद्धा… बाईंच्या ताहिनीत, त्या तिळाच्या पातळ चटणीत, बुडवून सगळं खायची. घरी माझ्या हातचा घासही नाही. मी ताटली घेऊन बसले की अंग ताठ करायची, तोंड भिंतीकडे.

मुलांच्या जेवणावर जे जे छापून आलंय ते मी वाचलंय. जुईनं त्यातलं काहीच वाचलेलं नाही, हीच अडचण.

सासूबाई म्हणाल्या होत्या, नाशिकला पाठव, वर्षभर मी बघते. बाई गेल्यावर दुसरं होतंच कोण? मी जवळजवळ हो म्हटलं होतं. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून ताहिनी शिकायला आले होते. जुई आत झोपली होती.

“कधी थांबायचं भाजायचं?”

“रंग बदलायच्या आत.”

“बदलायच्या आत कळणार कसं?”

“नाक आणलंयस ना घरून?”

तेवढ्यात वास आला. गोडसर, उबदार. बाईंनी डोळे मिटले.

“आमच्या आजोबांचा घाणा होता, रेवदंड्याला. बैल फिरायचा आणि मी वर बसायची. कपड्यांना, केसांना हाच वास. वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. मधल्या सुट्टीत मात्र चिक्की मागायला माझ्याकडेच.”

“आणि तुम्ही द्यायचात?”

“नाक मुरडून द्यायची.”

मी हसले. गॅस बंद केला.

“शनिवारी घाणा बंद,” बाई म्हणाल्या. “बैलालासुद्धा सुट्टी. म्हणून गावानं आम्हां बेने इस्रायली ज्यूंना नावच ठेवलं… शनवार तेली.”

“वाईट वाटायचं?”

“तेव्हा वाटायचं.” त्या खोक्यांकडे बघत राहिल्या. “आता तिकडे मला तसं कोण म्हणणार?”

…

बाई गेल्या, आणि त्यांच्या पडवीत आता दुसऱ्यांच्या चपला असतात. मी तिथून जाताना उगीच थांबते, घरात कुणी तीळ भाजतंय का म्हणून. कुणी भाजत नसतं.

त्या दिवशी तीळ गार झाले. मिक्सरमध्ये फिरवले. आधी पूड झाली, मग भांड्याच्या कडांना चिकटलेला लगदा. बाईंनी थोडं तिळाचं तेल घालायला लावलं. पुन्हा फिरवलं, आणि झाकण काढलं तर ते वाहत होतं. काकवीसारखं, संथ, चमकदार.

“झाली की ताहिनी! एवढंच होतं?”

बाईंनी वाडगं माझ्या हातात दिलं.

ताहिनी वाडग्यात काढली. ठेचलेली लसूण, मीठ, लिंबू. मग बाईंनी गार पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मी चमचाभर पाणी घातलं, हलवलं…

आणि सगळं बिघडलं. एवढी सरसरीत ताहिनी, एका क्षणात मातीच्या ढेकळासारखी झाली. चमचा तिच्यात उभा राहिला.

“बाई! फाटलं!”

“हं.”

“मला ठाऊकच होतं. मी हात लावला की असंच होतं.”

“शाळेतही तू परीक्षेआधी हेच रडगाणं गायचीस. आणि मग पहिली यायचीस. फार राग यायचा पोरींना तुझा.”

मी तेलाच्या बाटलीकडे हात नेला. बाईंनी बाटली उचलली आणि मांडीत घेऊन बसल्या.

“द्या ना बाई. सैल होईल.”

“नाही.”

“मग घालू काय?”

“पाणी.”

“पाण्यानंच तर झालं हे!”

“हो.”

“आणि वर पुन्हा पाणीच?”

“हात थांबवू नकोस.”

मी पाणी घातलं. आणखी घट्ट झालं. पुन्हा घातलं. दंड भरून आला. मनात म्हटलं, म्हातारीला काही सुचत नाहीये, जायच्या गडबडीत विसरली असेल. वाडगं फेकून नव्यानं तीळ भाजावेत असंही वाटलं.

“आणखी,” बाई म्हणाल्या.

घातलं.

चमच्याखाली काहीतरी सुटलं. नक्की कधी, ते दिसलं नाही. ढेकूळ विरघळत गेलं, रंग उजळत गेला, आणि वाडग्यात सायीसारखं मऊ, पांढरं काहीतरी फिरू लागलं. मी बोट बुडवून चाटलं. हुबेहूब बाईंच्या हातची चव.

“हे आधी सांगितलं असतंत तर?”

“सांगितलं होतं. परवा, फोनवर. तू लिहून घेण्यात गुंग होतीस.”

तेवढ्यात जुई उठून आली. डोळे चोळत दारात थांबली. मला बघितलं आणि पळत जाऊन बाईंच्या कुशीत तोंड लपवलं.

मी वाडगं धरून तशीच उभी. नाशिकचा फोन आजच करून टाकावा…

“बाई, तुम्हीच भरवा. मी बाहेर थांबते. मी दिसले की ती जास्तच आखडते.”

बाईंनी जुईचे हात हळूच सोडवले. तिला चटईवर माझ्यासमोर बसवलं. भाकरीची ताटली मध्ये ठेवली. मग गुडघ्यांवर हात देत उठल्या, पडवीत गेल्या, दार ओढून घेतलं.

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

“बाई! अहो बाई!”



जुईनं दारावर हात आपटले. आजी, आजी म्हणून रडली. मी जवळ गेले, तिनं ढकललं. मी घास पुढे केला, तिनं उडवला. सगळी ताहिनी माझ्या बाहीवर.

“मला जाऊ द्या बाहेर! माझ्याच्यानं होत नाही हे!”

पडवीतली खुर्ची करकरली. बस्स.

आणखी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी दाराला टेकून खाली बसले, तिच्या शेजारी. घास केला नाही. ती रडत राहिली, मी बसून राहिले. तिनं पायानं मला दूर लोटलं, मी पुन्हा सरकले.

रडणं हुंदक्यांवर आलं. मग हुंदके लांब लांब.

मग माझ्या बाहीवर काहीतरी लागलं. जुईचं बोट. तिनं ताहिनी निपटली, चाटली. माझ्याकडे न बघता पुन्हा बोट लावलं. मग डोकं माझ्या दंडाला टेकलं, आणि हात ताटलीकडे गेला.

माझे डोळे भरून आले. बाईंना सांगायला हवं, आत्ताच… उठायला मी जमिनीवर हात टेकला.

दाराच्या पलीकडून बाईंचा आवाज आला.

“उठू नकोस.”