सतीच्या दगडावरचा हात

"...मग हा हात काय म्हणतो?" भिकनाथबाबांनी विचारलं.

हेरंब हसला. जुन्या दगडांवरच्या खुणा वाचायला तो परदेशात शिकून आला होता. समोर मठाच्या आवारातला सतीचा दगड. वर चंद्र-सूर्य. खाली कोपरात वाकलेला एक हात, पंजा उघडा, मनगटभर चुडा.

"आशीर्वाद देतो, बाबा. चुडा म्हणजे अखंड सौभाग्य. चंद्र-सूर्य म्हणजे ते असेतोवर टिकणारी कीर्ती. गोऱ्यांनी आपल्या खुणा उलट्या वाचल्या. आपण आता सुलट वाचायच्या."

"सगळं वाचलंस?"

"सगळं."

बाबा धुनीतली लाकडं सारखी करत राहिले. लहानपणी हेरंबला दगडाकडे बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

"पाटलाला काय लिहून देणार?"

"हेच. 'स्वेच्छेने सती गेलेल्या वीरपत्नीचा आशीर्वाद.' उद्या फलक लागतोय."

"स्वेच्छेने... हे दगडात कुठं दिसलं रे?"

"हाताच्या ठेवणीत. कसा ठाम आहे बघा! जरासुद्धा थरथर नाही."

"दगड थरथरतो होय, पंडित?"

हेरंबला ते लागलं.

दगडापुढे शालन बसली होती. पाटलाची सून. गेल्या साली तिचा नवरा गेला. नर्सिंगचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला तिला माहेरी जायचं होतं. सासरा सोडत नव्हता. रोज सकाळी तो तिला इथं आणून बसवी. आपल्या घराण्यातल्या बायका कशा असतात, बघ म्हणे. फलकाची घाई होती ती त्यासाठीच.

"पोरी, तुला काय दिसतं?" बाबांनी विचारलं.

शालनने मान वर केली नाही.

"मामंजी म्हणालेत, साहेब वाचतील तेच खरं."

हेरंबला ते ऐकून बरंच वाटलं.

"बाबा, खूण म्हणजे काय, ते आता मला शिकवू नका. उमेदीची वर्षं घातलीत मी यात."

"नाही शिकवत. हात दे जरा."

आशीर्वाद मिळणार, असं वाटून हेरंबने हात पुढे केला.

बाबांनी मनगट धरलं आणि हात धुनीवर नेला.

"बाबा...!"

त्याने हिसडा दिला. म्हाताऱ्याची पकड सुटेना. धग तळव्यात शिरली. त्याने दुसऱ्यांदा जीव खाऊन ओढलं, तेव्हा बाबांनी बोटं उघडली.

हात झटक्यात मागे आला. खांद्याशी येऊन थांबला. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, बोटं फाकलेली.

शालन त्या हाताकडे बघत होती. मग तिने दगडाकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावला.

हेरंबनेही दगडाकडे बघितलं...

"भाजला असता की माझा हात!" तो ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

बाबांनी चिमट्याने एक लाकूड पुढे सारलं.

"तुझा मी सोडला."