वेगवान मेमरी आणि गोळे सरांच्या पोळ्या

एकदा एक शिष्या भर दुपारी आपल्या गुरूंच्या दारात उभी राहिली, ती चक्क संगणक उचलूनच. अख्खा संगणक, बरं का! शिष्येचे नाव शलाका. गुरू म्हणजे तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले गोळे सर. शलाकाने दोन वर्षे खपून एक ॲनिमेशनपट केला होता आणि तो संध्याकाळी सहाच्या आत स्पर्धेला पाठवायचा होता. पण सगळी चित्रे जोडून फिल्म तयार व्हायला लागली, की संगणक मध्येच मान टाकत होता.

"सर, सगळं नवंकोरं आहे हो! मेमरी तर दुकानातली सगळ्यात वेगवान घेतली. खोक्यावर आठ हजारांचा वेग छापलाय. तरी हा मेला बंद का पडतो?" बोलता बोलता तिला रडू फुटले.

सरांनी संगणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "कणीक मळून ठेवली आहे. चल, मी लाटतो, तू भाज."

इथे जीव टांगणीला लागलाय आणि यांना पोळ्या सुचतात! पण गुरूंचा शब्द मोडायचा कसा? तिने गॅसवर तवा ठेवला.

सरांचे लाटणे जे सुटले म्हणता! तव्यावरची पोळी उलटते न उलटते तोच दुसरी तयार, तिसरी तयार. ताटात थर साचला, पोळ्या एकमेकींना चिकटल्या, त्या सोडवण्याच्या गडबडीत तव्यावरची करपली.

"सर, थांबा ना! मला झेपत नाहीये!"

"तुझा प्रोसेसर हेच सांगतोय," सर शांतपणे म्हणाले. "लाटते ती मेमरी, भाजतो तो प्रोसेसर. देणाऱ्याचा वेग तू खोक्यावर वाचलास. घेणाऱ्याला किती झेपतं, हे कुठे पाहिलंस?"

शलाका वरमली. मेमरीचे खोके तिने मैत्रिणींना मिरवून दाखवले होते, प्रोसेसरची माहिती मात्र उघडलीही नव्हती. "मग सगळ्यात कमी वेग ठेवते, कटकटच नको," ती म्हणाली.

यावर सर इतके सावकाश लाटू लागले, की रिकाम्या तव्यातून धूर निघाला.

"अहो सर, तवा जळतोय!"

"जळणारच. त्याला काम कुठे आहे?" सर हसले. मग त्यांनी नजर लाटण्यावरून काढून तव्यावर ठेवली. एक पोळी उतरली, की दुसरी हजर. आणि काय सांगू, पोळी अशी टम्म फुगली! "वेग हा एकट्याचा गुण नव्हे, शलाका. तो दोघांनी मिळून ठरवायचा असतो. भाजणाऱ्याकडे बघून लाटावं."

ती हात पुसत उठली. आता सरांनी सांगायची गरजच नव्हती. तिने प्रोसेसरची माहिती वाचली, संगणक सुरू होतानाचे सेटिंग उघडले आणि मेमरीचा वेग सहा हजारांवर आणला. तिथे दोघांची पावले जुळत होती. चाचणी घेतली. संगणक हूं की चूं न करता चालला. मग तिने देवाचे नाव घेऊन फिल्म जोडायला लावली.

पडद्यावरची पट्टी पुढे सरकत राहिली. नेहमी जिथे घात व्हायचा, ती जागाही मागे पडली. पट्टी भरली, फिल्म स्पर्धेला गेली, पोचही आली. अजून सहा वाजले नव्हते!

"झालं! सर, झालं!" ती घरभर नाचली. आनंद मावेना. फिल्म कशी सुचली, कुठे अडली, पुढची कशी करणार, सगळे एका दमात सांगत सुटली.

शिकवणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनीही समोरच्या तव्याकडे अधूनमधून पाहावे, एवढेच मला म्हणायचे आहे. कारण गोळे सरांनी मोठ्या मायेने हात वर केला आणि ते म्हणाले, "हळू गं बाई, हळू. माझा प्रोसेसर जुना आहे."