टिचकीची मिशी आणि सुरीचं झबलं

टेबलाला होता एक खण. खणाला होतं एक भोक. भोकात राहायची एक उंदरीण. नाव तिचं टिचकी.

टिचकीला होत्या मिशा. डावीकडे तीन. उजवीकडे तीन. फार तोरा होता हो त्या मिशांचा!

आणि टिचकीला होती तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी. डोळे मिटलेले. आज संध्याकाळी त्यांचे डोळे उघडणार होते.

सकाळी टिचकी खाऊ आणायला गेली. परत आली तुरु तुरु तुरु. बघते तर काय? खणात, भोकाच्या दारात एक सुरी आडवी! नवी कोरी. चकचकीत. घरच्या मेस्त्रींच्या लेकीने जपानहून पाठवलेली.

टिचकीने नाक पुढे केलं आणि... कच्!

उजवीकडची एक मिशी गेली! आता उजवीकडे किती? दोनच.

आतून पिल्लं ओरडली, "ची ची! आई, ये ना!"

टिचकी घाबरली. आज डोळे उघडणार. डोळे उघडले की पिल्लं धावणार. आणि दारात तर सुरी!

"सुरी सुरी, तू झोप ना गं!"

सुरी म्हणाली, "मी उघडी. मला म्यान नाही. म्यान मिळेल तर मी झोपेन. नाही तर नाही, जा!"

म्यान म्हणजे काय? म्यान म्हणजे सुरीचं लाकडी झबलं. ते घातलं की सुरी कुणाला लागत नाही.

टिचकी निघाली तुरु तुरु तुरु. पडवीत होते बाबल मेस्त्री. मेस्त्री लाकडाच्या वस्तू करायचे. आज मात्र गालाला हात लावून बसले होते.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, म्यान करा!
सुरी काही झोपत नाही,
मी घरी जाऊ कशी?"

मेस्त्री म्हणाले, "पटाशी कोरीत नाय गो टिचके! पटाशी कोरेल तर मी करीन. नाय तर नाय, जा!"

टिचकी निघाली तुरु तुरु तुरु. पटाशी पडली होती भुशात. पटाशीची मान लांब, तोंड पसरट. लाकूड कोरावं तर तिनेच.

"पटाशी पटाशी, लाकूड कोर!
मेस्त्री म्यान करत नाहीत,
सुरी काही झोपत नाही,
मी घरी जाऊ कशी?"

पटाशी म्हणाली, "माझी धार गेली. दगड घासेल तर मी कोरेन. नाही तर नाही, जा!"

टिचकी निघाली तुरु तुरु तुरु. दगड बसला होता पायरीवर. धार लावायचा दगड. जाडा ढिम्म.

"दगडा दगडा, पटाशी घास!
पटाशी लाकूड कोरत नाही,
मेस्त्री म्यान करत नाहीत,
सुरी काही झोपत नाही,
मी घरी जाऊ कशी?"

दगड म्हणाला, "मी कोरडा ठाक. काकी पाणी ओतेल तर मी घासेन. नाही तर नाही, जा!"

टिचकी निघाली तुरु तुरु तुरु. स्वयंपाकघरात होती शेवंताकाकी, मेस्त्रींची बायको. पुढ्यात तांदळाचं पोतं. बोटाला पट्टी.

"काकी काकी, पाणी ओत!
दगड पटाशी घासत नाही,
पटाशी लाकूड कोरत नाही,
मेस्त्री म्यान करत नाहीत,
सुरी काही झोपत नाही,
मी घरी जाऊ कशी?"

काकी म्हणाली, "काय गो, माझे तांदूळ चोरणारी तूच ना? ही पोत्याची सुतळी सुटत नाय. तांदूळ नाय, जेवण नाय. सुतळी सुटेल तर मी पाणी ओतीन. नाय तर नाय, जा!"

टिचकीने मारली उडी. टुण्! थेट पोत्यावर. सुतळीला होती गाठ. गाठीवर गाठ. त्या गाठीवर आणखी एक गाठ.

"सुतळी सुतळी, तू सूट!
काकी पाणी ओतत नाही,
दगड पटाशी घासत नाही,
पटाशी लाकूड कोरत नाही,
मेस्त्री म्यान करत नाहीत,
सुरी काही झोपत नाही,
मी घरी जाऊ कशी?"

सुतळी म्हणाली, "अशी कशी सुटू? सुरी कापेल तर मी सुटेन. नाही तर नाही, जा!"

सुरी? पुन्हा सुरी?

टिचकी निघाली तुरु तुरु तुरु. थेट खणात.

"सुरी सुरी, सुतळी काप!
सुतळी काही सुटत नाही,
काकी पाणी ओतत नाही,
दगड पटाशी घासत नाही,
पटाशी लाकूड कोरत नाही,
मेस्त्री म्यान करत नाहीत,
तूही काही झोपत नाहीस,
मी घरी जाऊ कशी?"

सुरी म्हणाली, "मी उघडी. काल काकीचं बोट कापलं. आता कुणी मला हात लावत नाही. म्यान मिळेल तर मी येईन. नाही तर नाही, जा!"

घ्या! जिथून निघाली तिथेच आली. गोल गोल गोल!

टिचकी मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. आतून पिल्लं म्हणाली, "ची ची! आई, उजेड दिसतोय गं थोडा थोडा!"

टिचकी ताडकन उठली. "पुरे झालं! याला विचार, त्याला विचार. सुरीला धार आहे, तर मला काय नाही? मला दात आहेत!"

टिचकी धावली तुरु तुरु तुरु. पोत्यावर उडी. टुण्! सुतळी धरली दातांत.

कुट कुट कुट.
पहिली गाठ तुटली.
कुट कुट कुट.
दुसरी गाठ तुटली.
कुट कुट कुट कुट कुट... तट्ट!
तिसरी गाठ तुटली!

सळ्ळ्ळ! पोतं उघडलं. तांदूळच तांदूळ!

काकी म्हणाली, "अगो बाई! उंदरानं पोतं उघडलं आणि मी शाबास म्हणतंय!"

मग काय विचारता!

सुतळी सुटली, काकी उठली. चुलीवर भात, रट रट रट.
काकीने ओतलं पाणी. बद बद बद.
दगडाने घासली पटाशी. घस घस घस.
पटाशीने कोरलं लाकूड. खच खच खच.

शिवणीच्या झाडाचं हलकं लाकूड. त्याच्या दोन फळ्या. दोन्ही फळ्यांना आतून खळगा. सुरीच्या पोटाएवढा. ना जास्त, ना कमी.

आता फळ्या जोडायच्या कशा?

खिळ्याने? "नाय!" मेस्त्री म्हणाले. "खिळा सुरीला टोचतलो."

बाजारच्या गोंदाने? "नाय! त्याचा वास भाजीला लागात."

तेवढ्यात काकी आली. वाटीत मऊ मऊ भात. काकीने तो घोटला, घोटला, घोटला. झाली भाताची खळ! चिकट चिकट. चपक! दोन फळ्या चिकटल्या.

"आता घट्ट बांधायला काय?" मेस्त्री म्हणाले.

"मी! मी!" सुतळी म्हणाली. "तुटले म्हणून काय झालं? बांधते की!"

सुतळीने बांधलं. उन्हाने वाळवलं. रंध्याने गुळगुळीत केलं. सर्र सर्र सर्र. पडवीभर कुरळी कुरळी सालपटं!

झालं म्यान तयार. मेस्त्रींनी सुरी आत घातली. सुळ्ळ... टक्!

मेस्त्रींनी म्यान उलटं केलं. सुरी पडली? नाही पडली!
मेस्त्रींनी म्यान हलवलं. सुरी पडली? नाही पडली!

सुरीने जांभई दिली. "आऽऽ! किती छान झबलं!" आणि सुरी झोपली.

मेस्त्री म्हणाले, "थांब गो टिचके! अजून एक काम हा."

मेस्त्रींनी पटाशी घेतली. म्यानावर कोरलं एक चित्र. कुणाचं? टिचकीचं! हे कान. ही शेपटी. डावीकडे मिशा तीन. उजवीकडे मिशा... एक, दोन, तीन!

"काका, मला तर उजवीकडे दोनच!"

"म्हणून तर तिसरी मी दिली. म्यान झाला ता तुझ्या दातांमुळे!"

काकीने दिले मूठभर तांदूळ. मेस्त्रींनी दिली मऊ मऊ सालपटं, पिल्लांच्या गादीला. सुरी गेली खणात, म्यानासकट. टिचकी गेली घरी, ऐटीत.

संध्याकाळ झाली. एक डोळा उघडला. दुसरा डोळा उघडला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा! पिल्लं धावली दाराकडे तुरु तुरु तुरु.

दारात काय? म्यान! गुळगुळीत म्यान!

पिल्लं चढली वर. आणि सुईंऽऽऽ! घसरगुंडी!

"आई, अजून एकदा! आई, हे चित्र तुझं? आई, तुला उजवीकडे तीन मिशा?"

टिचकी म्हणाली, "तीनच बाळांनो. चित्रात मोजा हवं तर!"

सुरी म्यानात. टिचकी मानात. आणि गोष्ट? गोष्ट तुमच्या कानात!