हेर्लेकर सरांचा चुकलेला ठोका

"…मग हा ठोका चुकतो कशानं, आई? छातीतलं अनाहत चक्र जागं होतंय म्हणून, की मी मरायला टेकलोय म्हणून?"

हेर्लेकर सरांनी हे विचारलं तेव्हा मठातली पंगत नुकतीच उठली होती. भोगीचा दिवस. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी, वर राळ्याचा भात. सर सगळ्याला न्याय देऊन उठले होते.

मठाचा नेम असा की आधी ध्यान, मग जेवण. सरांची एसटी मात्र नेमकी पंगतीच्या वेळेला पोचायची. त्यामुळे ते आधी जेवत आणि मग ध्यानाला बसत. देवाला कसला आलाय क्रम, असं त्यांचं म्हणणं.

तान्हाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मोठे महाराज गेल्यापासून मठ त्याच बघत. प्रवचन कधी करत नसत, आणि केलं नाही म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

"काय होतं नेमकं?" त्यांनी विचारलं.

"डोळे मिटून बसलो की छातीत एक ठोका गडबडीनं येतो. मग काहीच नाही… आणि मग दणकन एक."

"घाबरतोस?"

सर घाबरत होते, चांगलेच घाबरत होते. पण गावात त्यांचा ध्यानवर्ग होता, आणि तिथं त्यांनी हा ठोका अनुभव म्हणून सांगून टाकला होता. लोक पाया पडू लागले होते. आता घाबरायची सोय उरली नव्हती.

"मी ठरवलंय, आई. संक्रांत झाली की घर सोडतो. तुमची परवानगी न्यायला आलोय."

"बायकोला सांगितलंस? कुमुदला?"

"सांगितलं. तिनं स्वेटर आणि पित्ताच्या गोळ्या पिशवीत भरून ठेवल्या."

तान्हाईंनी एक शेंग फोडली.

"डॉक्टरकडं गेलास?"

"गेलो. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, दिवसभर छातीला यंत्र बांधून ठेवलं. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. पोट गच्च भरतं, फुगतं, त्यात तुम्ही वाकून बसता, मग एखादा ठोका चुकतो. कमी जेवा, ताठ बसा."

"मग?"

"आई, मी त्यांना अनाहताचं सांगत होतो आणि ते मला गॅस म्हणाले."

हे सांगताना सरांना खरोखर वाईट वाटलं. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे ते डोळे मिटून काढत. पण स्वतःच्या हृदयाची गोष्ट आली आणि त्यांना खडू कुठं टेकवावा ते कळेना.

"बस बघू," तान्हाई म्हणाल्या. "रोज बसतोस तसा."

सर बसले. हनुवटी छातीला टेकवली, पाठीची कमान केली, पोटाची घडी घातली.

"हे बसणं कुणी शिकवलं तुला?"

"मोठ्या महाराजांनी."

"तू यायच्या आधीच गेले की ते."

"आतल्या फोटोत आहेत ना. असेच बसलेत."

तान्हाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"विहिरीच्या कामावर पडले होते ते. पाठ मोडली होती. एकदा तरी ताठ बसायला मिळावं म्हणून शेवटपर्यंत तळमळले."

…

सरांच्या डोळ्यांपुढं त्यांचा वर्ग आला. झाडून सगळे कमान करून बसलेले. मान कशी टाकायची ते सरांनीच एकेकाला दाखवलं होतं.

तेवढ्यात छातीत दणका बसला.

"आला," सर पुटपुटले.

तान्हाई उठल्या. एक हात सरांच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्यानं हनुवटी वर उचलली. बाकी काही केलं नाही.

ठोका सरळ चालू लागला.

त्यांनी हात काढला. सवयीनं सर पुन्हा पोटावर मुडपले… थोड्या वेळानं पुन्हा चुकला.

पुन्हा हात. पुन्हा सरळ.

सर पार गोंधळून गेले. पाठ वाकली की येतो, ताठ झाली की जातो. असा कुठं अनुभव असतो? पण मग लोक पाया पडले ते कशाच्या?

"आता काय ऐकू येतंय?" तान्हाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"बरं वाटतंय?"

"नाही, आई." सरांचा आवाज बारीक झाला. "चुकत होता तेव्हा निदान आत कुणीतरी आहे असं वाटायचं."

…

"एकदा सांगून टाका. देव होता की पोट होतं?"

"तुझ्या आत कोण होतं ते मला काय ठाऊक. मी पाठीला हात लावला."

ओसरीवरून माणसं एसटीच्या थांब्याकडं निघाली होती. सरांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. जायचं कुठं तेच समजेना.

"आज शेवटची भाकरी भुकेनं खाल्लीस?" तान्हाईंनी विचारलं.

"नाही. वाढणाऱ्यानं आग्रह केला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि घरी?"

"घरी कुमुद आग्रह करते."

तान्हाई पुन्हा शेंगा फोडायला बसल्या.

"आई… मग मी घर सोडू की नको?"

"उद्यापासून अर्धी भाकरी सोड."

"एवढंच?"

"ती सुटली की ये. मग घराचं बघू."