गार इंजिनाचा भाव

आधी माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच असतील. माझ्या हाताला पान्याची सवय आहे, पेनाची नाही. पण ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, आणि मोठ्यांना तर त्याहून जास्त.

एका गावात एक गॅरेज होतं. गाव माझंच आणि गॅरेजही माझंच, म्हणून नाव सांगत नाही. गावाबाहेरच्या माळावर मातीचा ट्रॅक आहे. हिवाळ्यात तिथं डर्ट बाइकच्या शर्यती होतात. शर्यती जवळ आल्या की जुन्या गाड्या विक्रीसाठी माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. त्या वर्षी दोन होत्या. एक सुकुमारअण्णा चौगुल्यांची फोर-स्ट्रोक. दुसरी दस्तगीरचाचांची टू-स्ट्रोक.

अण्णांचं सिमेंटचं दुकान. गाडी घेताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, पुढं विकताना किती येतील? मग दर रविवारी तोच प्रश्न. मीही दर रविवारी तेच सांगायचो. टू-स्ट्रोकच्या इंजिनात भाग थोडे. पिस्टन आणि रिंगा थोडक्या पैशांत बदलता येतात, म्हणून जुनी झाली तरी तिचा भाव फारसा उतरत नाही. फोर-स्ट्रोक कमी पेट्रोल पिते, धूर करत नाही, पण तिचे व्हॉल्व्ह गेले की दुरुस्तीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक पळतं. तेव्हा तेल वेळेवर बदला, व्हॉल्व्ह तपासून घ्या. अण्णा मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे. तेल काही बदललं नाही. तेलाचे पैसे विकताना वसूल होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. गाडी त्यांचा मेहुणा पिदडायचा.

व्हायचं तेच झालं. व्हॉल्व्ह गेले. गाडी गार असली की कितीही किक मारा, सुरू व्हायची नाही. उतारावरून ढकलून एकदा सुरू केली आणि चांगली गरम झाली, की मग मात्र शहाण्यासारखी वागायची.

एका गुरुवारी मालनकाकी माने गाडी बघायला येणार होत्या. शेजारच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांची मुलगी प्रणोती त्या रविवारी पहिली शर्यत धावणार होती. सरावाला मैत्रिणींच्या भावांनी गाड्या दिल्या, शर्यतीला कोण देणार? काकींच्या पैशात एकच गाडी बसत होती. ती बंद पडली तर पोरीचा रविवार गेला आणि पुढचा हंगाम वर्षानं.

अण्णांनी सकाळीच फोन केला. गाडी आधी गरम करून ठेव म्हणाले. मला पटलं नाही, तरी मी ते केलं, हे लिहून ठेवतो. गाडी ढकलून सुरू केली, दहा-पंधरा मिनिटं चालवली, मग इंजिनावर ओलं पोतं फिरवलं. हात लावणाऱ्याला गार लागावं म्हणून.

नऊला काकी आणि प्रणोती आल्या. अण्णा पांढऱ्या शर्टात हजर होते. त्यांनी फोर-स्ट्रोकचे गुण सांगायला सुरुवात केली. उद्या विकायला काढली तरी याच भावात जाईल, असंही सांगितलं. काकी म्हणाल्या की त्यांना विकायला नाही, पळवायला गाडी हवी आहे. मग त्या गाडीभोवती फिरल्या, वाकून बघितलं आणि माझ्याकडं वळल्या.

"इंजिनाला आंघोळ घातलीस आणि चाकांची माती तशीच वाळलेली. का रं?"

मी फडक्यानं पाना पुसायला लागलो.

"सकाळी चालू केली होतीस?"

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. "मला माहीत नाही, काकी."

माझ्या गॅरेजातली गाडी, आणि मला माहीत नाही. काकींनी मला दुसरं काही विचारलं नाही. बाकड्यावर बसल्या.

"आमच्या गिरणीचं इंजिन रोज पहाटे गार असतं. खरं काय ते तेव्हाच कळतं. बसतो आम्ही. आज गिरणी बंद आहे."

दीड तास त्या बसल्या. अण्णांनी दोनदा चहा मागवला. घाई असल्याचं सांगून बघितलं, दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याचं सांगून बघितलं. काकींनी दोन्ही चहा घेतले.

साडेदहा वाजून गेल्यावर त्या म्हणाल्या, आता मारा किक. प्रणोतीनं मारल्या. मी मारल्या. मग अण्णांनी स्वतः मारल्या. तिसाव्या किकेला त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. गाडी ढिम्म.

मग मी दस्तगीरचाचांना बोलावलं. चाचा वेल्डिंग करतात. हातातलं काम टाकून आले, आणि कोणी काही विचारायच्या आत बोलायला लागले. पिस्टन जुना आहे, ही एक शर्यत काढेल, मग बदला. इथं चेसी मोडली होती, मीच जोडली, हा बघा टाका. धूर करते, नाकाला रुमाल बांधा.

"अहो, विकताय का मोडताय?" काकी हसल्या.

"विकतोय. पण गाडी तुमच्या पोरीखाली पळणार आहे, बहेन."

चाचांची गाडी पहाटेपासून गार होती. तिसऱ्या किकेला सुरू झाली. काकींनी पिस्टनचे पैसे भावातून वजा करून मागितले, चाचांनी मान्य केलं. प्रणोती गाडी घेऊन सरळ माळाकडं गेली. धूर बराच वेळ रस्त्यावर होता.

संध्याकाळी अण्णा परत आले. मला वाटलं, आता तरी दुरुस्तीचं बोलतील.

"बघितलंस, सन्मती? मार्केट टू-स्ट्रोकचं आहे. ही काढून टाकू आणि टू-स्ट्रोकच घेऊ."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. एवढं सगळं डोळ्यांदेखत झालं, आणि माणसानं धडा काय घेतला, तर स्ट्रोक मोजायचा. मी पुन्हा व्हॉल्व्हचं सांगितलं. कितव्यांदा, ते देव जाणे. अण्णांनी मान डोलवली. मग म्हणाले, उद्या निपाणीचं गिऱ्हाईक येणार आहे, सकाळी गरम करून ठेव. "आणि ह्या वेळी चाकंपण धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं आणि गाडीला हात लावला नाही. निपाणीचा माणूस आला, पाठोपाठ अण्णा आले. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. तरी अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. गाडी गार आहे, सुरू होणार नाही. व्हॉल्व्ह गेलेत, दुरुस्तीला एवढा खर्च येईल, तो भावातून कमी करून घ्या. बाकी गाडी मजबूत आहे.

त्या माणसानं खाली बसून इंजिन नीट बघितलं.

"दुरुस्ती तूच करशील का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो आणि पाना घ्यायला आत गेलो.

तात्पर्य: जुन्या वस्तूचा भाव तिच्या जातीवर नसतो, ती सांभाळणाऱ्याच्या हातावर आणि विकणाऱ्याच्या जिभेवर असतो. आणि खोटं झाकायला जो मदत करतो, तोही विकणाऱ्यातच मोजला जातो.