पैलतीरची बोट येईपर्यंत

एकदा एका सरोवराकाठच्या छोट्याशा प्रजासत्ताकाने आपला जुना कारभार उलथून टाकायचे मनावर घेतले. देश पश्चिमेकडचा, डोंगराळ आणि सुखवस्तू. तिथे राजा कधीच नव्हता. वर्षातून एकदा, वसंतातल्या एका रविवारी, सगळे नागरिक गावच्या चौकात जमत आणि हात वर करून राज्य चालवत. सभामुख कोण असावा, रस्ता कुठून जावा, कोणती शाळा ठेवावी आणि कोणती नाही, हे सारे असेच ठरत असे.

सभेची एक पद्धत होती. सकाळची प्रार्थना संपली की मनोऱ्यावरची घंटा वाजे आणि लगेच चौकाभोवती जाड दोर ताणला जाई. दोराच्या आत असेल त्याचा हात मोजायचा. बाहेर राहील तो प्रेक्षक.

गाव सरोवराच्या उत्तर काठावर होते. समोरच्या काठावर, म्हणजे पैलतीरावर, गोठे होते, लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या आणि एक दगडाची खाण होती. तिकडून येणारी बोट एकच. ती गाईंच्या धारा काढून झाल्यावर निघे आणि घंटा होऊन गेल्यावर पोचे. पूर्वी पैलतीरचे लोक धक्क्यावरून पळत येत, दोराबाहेर धापा टाकत उभे राहत आणि आत काय चालले आहे ते माना उंचावून बघत. पुढे ते पळेनासे झाले. मग येईनासेच झाले. गावातली जाणती मंडळी एकमेकांना सांगू लागली, "त्यांना सार्वजनिक जीवनात रस नाही हो." बोटीची वेळ आणि घंटेची वेळ एकमेकींशेजारी ठेवून पाहावी, असे एकाही जाणत्याच्या मनात आले नाही.

या सभेने एका वर्षी काटकसर म्हणून पैलतीरची शाळा बंद केली. दुसऱ्या वर्षी दवाखाना. खाण बंद पडली तेव्हा दुःख व्यक्त करणारा ठराव केला. सगळे ठराव एकमताने झाले. होणारच. ज्यांचे मत वेगळे होते ते अजून बोटीत होते.

मग एक लाकडाचा व्यापारी पैलतीरावर जाऊन भाषणे करू लागला. त्याचा आवाज मोठा होता आणि राग अस्सल वाटत होता. "तुमची शाळा कोणी खाल्ली? दोरवाल्यांनी!" तो म्हणे. "तुमची कामे कोणी खाल्ली? घाटापलीकडून आलेल्या उपऱ्यांनी! मला सभामुख करा. पहिला हुकूम असा काढतो की हिवाळ्याच्या आत एकेक उपरा घाटापार. आणि दरवर्षी ही सभा तरी कशाला हवी? एकदाच सगळे अधिकार माझ्याकडे द्या आणि निवांत झोपा." लोक टाळ्या वाजवत आणि यंदा धारा लवकर उरकून सभा गाठायचीच, असे ठरवत. इतक्या वर्षांत त्यांच्या दारी येऊन त्यांच्याबद्दल बोलणारा हा पहिलाच माणूस होता. तो काय बोलतो आहे, हा पुढचा प्रश्न होता.

त्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांनी आयुष्यभर कायदा शिकवला होता आणि सभेची घंटा वाजवण्याचा मान त्यांच्याकडे होता. त्यांचा एक तरुण शिष्य होता. दोर ताणण्याचे काम त्याचे. या शिष्याची बायको घाटापलीकडची होती. व्यापाऱ्याचा पहिला हुकूम निघाला असता तर तो तिच्या दारावर येऊन थडकला असता. त्यामुळे गावातले इतर लोक राजकारणावर चर्चा करत होते, तेव्हा शिष्याला घास गिळवत नव्हता.

सभेच्या रविवारी सरोवरावर दाट धुके उतरले. प्रार्थना संपली. चौक गावकऱ्यांनी भरला, पण बोटीचा पत्ता नव्हता. शिष्याचा जीव भांड्यात पडला. तो मनोऱ्याखाली आला तर गुरुजी पायरीवर बसून पावाला लोणी लावत होते. घंटेची साखळी त्यांच्या खांद्यापाशी लोंबत होती.

"गुरुजी, वेळ झाली."

"हं."

"वाजवा ना मग! बोट धुक्यात अडकलीय. ते येईपर्यंत सगळं आटोपेल. व्यापाऱ्याकडे आत मूठभर माणसं आहेत. तो पडेल आणि आपण सुटू."

"पाव घेतोस? ताजा आहे."

"गुरुजी!"

गुरुजींनी पावाचा तुकडा तोंडात टाकला. थोड्या वेळाने गावचे औषधविक्रेते आणि तिथल्या वर्तमानपत्राचे संपादक तरातरा आले.

"काय चाललंय हे?" संपादक म्हणाले. "शेकडो वर्षांत घंटेला कधी उशीर झाला नाही. नियम आहे!"

"घंटा कशासाठी असते, संपादकसाहेब?"

"वेळ झाली हे सांगायला."

"त्यासाठी वर घड्याळ बसवलंय. बरंच मोठं आहे. घंटा सभा जमली हे सांगायला असते. जमली का?"

"आम्ही सगळे आहोत की इथे," औषधविक्रेते म्हणाले.

"ते दिसतंय," असे म्हणून गुरुजींनी पुन्हा लोण्याचा डबा उघडला.

तेवढ्यात व्यापारी स्वतः गर्दीतून वाट काढत आला. शिष्याला वाटले, हा आता आणखी थांबा म्हणून गुरुजींचे पाय धरेल. पण व्यापारी तावातावाने म्हणाला, "अहो म्हातारबुवा, किती वेळ? वाजवून टाका. नियम म्हणजे नियम!"

शिष्य चक्रावला. ज्याची जवळजवळ सारी माणसे बोटीत होती, तोच घंटेची घाई करत होता.

"तुमची मंडळी यायची आहेत," गुरुजी म्हणाले.

"नाही आली तर नाही आली. तुम्ही त्यांना बाहेर ठेवलंत हे सगळ्या जगाला दिसू दे. पुढचं मी बघतो."

"बघाल, खात्री आहे मला. तुमच्या लाकूड वाहायच्या एवढ्या होड्या धक्क्याला बांधल्यात. एखादी सकाळीच त्यांना आणायला पाठवली असतीत तर?"

व्यापाऱ्याने खांदे उडवले आणि तो गर्दीत परतला.

आता शिष्याचा संयम संपला. त्याने पुढे होऊन साखळीला हात घातला. गुरुजींनी त्याचा हात बाजूला केला नाही. फक्त त्याच्याकडे पाहिले.

"माझ्या घराचा प्रश्न आहे, गुरुजी," शिष्य म्हणाला. "तुमचं काय जातंय? तुम्ही ज्यांची वाट बघताय ते माझ्या बायकोला हाकलायला येतायत."

"ठाऊक आहे."

"तरी?"

"तरी. तुला वाजवायची तर वाजव. मी अडवणार नाही. पण मग दोरही तूच ताणायचास आणि बाहेर उभ्या राहिलेल्यांच्या तोंडाकडे बघत ताणायचास."

शिष्य साखळी धरून उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आले नसते. मग धुक्यातून भोंगा ऐकू आला आणि त्याच्या हातातून साखळी सुटली.

बोटीतून माणसे उतरू लागली. ती पळत नव्हती. पळण्यात अर्थ नसतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. शाल पांघरलेली एक थोराड बाई सर्वांच्या पुढे होती. चौकाच्या तोंडाशी येऊन ती थबकली.

"दोर कुठाय? कोणी गेलं की काय गावात?"

"कोणी गेलं नाही," गुरुजी म्हणाले. "तुमची वाट बघत होतो."

"आमची?" तिने मागे वळून पाहिले, जणू मागे दुसरेच कोणी उभे असावे. "इतकी वर्षं नाही बघितलीत. आज काय सुचलं?"

"उशिरा सुचलं, बाई. या आत."

"बघा हं. आम्ही तुमच्या बाजूने हात वर करणार नाही."

"नका करू. पण आत उभं राहून नका करू."

मागे कोणीतरी हसले. माणसे आत आली, गावकऱ्यांना खेटून उभी राहिली. कोणाच्या कोटाला गोठ्याचा वास होता आणि औषधविक्रेत्यांनी नाकाला रुमाल लावला. मग गुरुजींनी घंटा वाजवली आणि शिष्याने दोर ताणला.

पहिला प्रस्ताव व्यापाऱ्याला सभामुख करण्याचा. हातांचे रान उभे राहिले. मोजायची गरजच पडली नाही. संपादक पांढरेफटक पडले. शिष्याने डोळे मिटून घेतले.

व्यापारी व्यासपीठावर चढला आणि त्याने दुसरा प्रस्ताव मांडला. यापुढे सभा भरणार नाही, सर्व अधिकार कायमचे सभामुखाकडे. "बंधूंनो, भगिनींनो," तो गरजला, "आता तुम्हाला ही दगदग नको! ती बोट नको, हा दोर नको. तुमच्या वतीने मी आहे. तुम्ही घरी आराम करा!"

टाळ्यांसाठी तो थांबला. टाळ्या आल्या, पण तुटक. तेवढ्यात शालवाली बाई तिच्या जागेवरून म्हणाली, "अरे दादा, आत्ता कुठे पाय ठेवला आत. लगेच दार लावायला निघालास होय?"

चौकात हशा पिकला. व्यापारीही हसला, पण त्याला उशीर झाला होता.

"तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय, मावशी."

"शाळा बंद केली तेव्हा हे दोरवालेही तेच म्हणाले होते," ती म्हणाली. "तू सभामुख हो. तुला हात दिलाय मी. पण पुढल्या वर्षी शाळेचं काय केलंस ते इथे येऊन विचारणार आहे. सभाच नसली तर विचारू कुठे? तुझ्या वखारीत?"

प्रस्ताव मताला टाकला. काही हात वर गेले, काही अर्ध्यावर जाऊन शेजाऱ्याकडे बघत खाली आले. प्रस्ताव पडला. आणि सभा राहिली म्हणजे माणसांना घाटापार करण्याचा हुकूमही आता सभेपुढे आणणे व्यापाऱ्याला भाग होते. त्या दिवशी त्याने तो आणला नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी अग्रलेख लिहिला, "जनतेचे डोके फिरले." व्यापाऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या पत्राने लिहिले, "जनतेचा जयजयकार." धक्क्यावर जाऊन जनतेला एक प्रश्न विचारावा, एवढे कष्ट दोघांपैकी एकानेही घेतले नाहीत. निकाल मनासारखा लागला नाही की लोक वाहवले, लोक भडकले, लोक फसले असे छापायची रीत सगळ्याच देशांत आहे. लोक म्हणजे जणू दूध, कोणी आच वाढवली की उतू जाणारे.

पण ते दुसऱ्या दिवशीचे. सभा संपल्यावर गुरू आणि शिष्य धक्क्याकडे चालत निघाले. धुके विरले होते आणि पैलतीर स्पष्ट दिसत होता.

"गुरुजी, ते दुसरा प्रस्ताव पाडतील हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

शिष्य थांबला. "म्हणजे? उलट झालं असतं तर?"

"तर ती सभा शेवटची ठरली असती आणि तुझी बायको संकटात असती. मी तुझ्या दारात येऊन बसलो असतो. माझ्या वयात त्याहून जास्त काही जमलं नसतं." गुरुजी काठी टेकत म्हणाले. "पण विचार कर. आज तू नियमाच्या नावाखाली तुला नको असलेल्या माणसांना दोराबाहेर ठेवणार होतास. व्यापाऱ्याला तुझ्या बायकोचं तेच करायचं आहे. मग तुमच्यात फरक एवढाच उरला असता, की दोर कोणाच्या हातात आहे. व्यापाऱ्याला हे तुझ्याआधी कळलं होतं. म्हणून तो घंटेची घाई करत होता. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला फक्त राग देता येतो आणि तो राग त्याच्या वखारीत भरपूर आहे. आत आलेल्या माणसाला मात्र जबाब द्यावा लागतो. तो माल त्याच्याकडे नाही."

"तरी सभामुख तोच झाला."

"झाला. मला आवडलं नाही. पुढच्या वर्षी मी त्याच्या विरोधात हात वर करीन आणि मोठ्याने बोलेन. तूही बोल. नापसंत माणूस निवडून आला म्हणून निवडणाऱ्यांवर रुसायचं नसतं. त्यांच्याशी वाद घालायचा असतो आणि त्यासाठी आधी ते समोर यावे लागतात."

धक्क्यावर बोट सुटायच्या तयारीत होती. शालवाली बाई फळीवर उभी होती. शिष्याला पाहून ती म्हणाली, "तूच ना तो दोर ताणणारा? तुझी बायको घाटापलीकडची म्हणे."

"हो," शिष्य म्हणाला.

"त्या लोकांनी आमची कामं नेली असं मला वाटतं. खरं सांगते, तोंडावर."

"खाण बंद झाली तेव्हा ती या देशात आलीही नव्हती," शिष्य म्हणाला.

"ते मला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाली. मग फळीवरून आत जाता जाता वळली. "घेऊन ये तिला एकदा तिकडे. भांडू तरी."

बोट गेली. शिष्य घरी आला. बायको खिडकीत उभी होती आणि सकाळपासून तिथेच असावी. त्याने तिला सगळे घडले तसे सांगितले. आपण साखळीला हात घातला होता, हेही सांगितले. बाईचे शेवटचे वाक्य ऐकून ती खिडकीतून हलली. मग तिने चुलीवर भांडे चढवले.

"पुढच्या रविवारी जाऊ," ती म्हणाली. "पण भांडणाला सुरुवात मी करणार."

शिष्य त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.